समुद्रसपाटीपासून पवनी

पवनीला समुद्र नाही. सगळ्यात जवळचा खारा थेंब बंगालच्या उपसागरात, सरळ रेषेत पाचशेएक किलोमीटरवर. मग समुद्राची आणि किनाऱ्याची माहिती कोणते सरकारी खाते गोळा करते आणि कोणाला देते, याची उठाठेव भंडारा जिल्ह्यातल्या माणसाने कशाला करावी?

कारण ती माहिती गोळा करणारेही समुद्रापासून तितकेच लांब बसले आहेत.

देशाचे सागरी नकाशे काढणारे नौदलाचे हायड्रोग्राफिक कार्यालय डेहराडूनला. भरती-ओहोटीच्या नोंदी सांभाळणारा सर्वेक्षण विभागही डेहराडूनला. त्सुनामीचा इशारा देणारी 'इन्कॉइस' हैदराबादला, जिथे पाणी म्हटले की हुसेनसागर. डेहराडूनच्या खिडकीतून समुद्र दिसत असेल, तर पवनीच्या वैजेश्वर घाटावरून लाटा मोजायला काय हरकत आहे?

बरे, एवढ्या सगळ्यांनी मिळून समुद्राचा काठ तरी धड मोजला असेल. विचारून बघा, महाराष्ट्राचा किनारा किती?

शाळेत आपण राज्याचा 720 किलोमीटरचा आकडा घोकला आणि त्याचा एक मार्कही घेतला. केंद्राच्या तक्त्यात मात्र तो कैक वर्षे 652.6 किलोमीटर होता. अलीकडे नव्याने मोजला, तर निघाला 877.97. राज्य एक, किनारा एक, आकडे तीन. म्हणजे सदुसष्ट किलोमीटर किनारा राज्याकडे होता आणि केंद्राकडे नव्हता, आणि इतक्या वर्षांत कोणी हरवल्याची तक्रारसुद्धा दिली नाही.

देशाचेही तेच. 7,516.6 किलोमीटरचा किनारा नव्या मोजणीत 11,098.81 झाला. साडेतीन हजार किलोमीटरची वाढ, आणि समुद्र आपला जागच्या जागी. यात चमत्कार काही नाही. जुना आकडा 1970 च्या दशकातल्या ढोबळ नकाशावरचा, नवा बारीक नकाशावरचा. पट्टी जितकी लहान, तितक्या खाड्या-वळणे जास्त सापडतात आणि किनारा लांबत जातो. हे मान्य. पण दोन खात्यांचे आकडे जुळत नाहीत, हे कळायला कोणती पट्टी लागत होती?

आता खात्यांची यादी. श्वास भरून घ्या. इन्कॉइस आणि हवामान खाते भूविज्ञान मंत्रालयाकडे. हायड्रोग्राफिक कार्यालय संरक्षण मंत्रालयाकडे. सर्वेक्षण विभाग विज्ञान-तंत्रज्ञानाकडे. गोव्याच्या दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था सीएसआयआरकडे. किनारा नियमन क्षेत्राचे नकाशे पर्यावरणाकडे. मासे मत्स्य खात्याकडे. नद्या जलशक्तीकडे. समुद्र एकच, पण त्याच्या पाण्याला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला जावक क्रमांक लागतो.

आणि तो लागला, की ओहोटी सुरू.

तरीही समुद्रवाल्यांवर फार बोट ठेवता येत नाही. दिनांक 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली, देशात दहा हजारांहून जास्त माणसे गेली, आणि 15 ऑक्टोबर 2007 ला हैदराबादेत इशारा केंद्र उभे राहिले. आज हिंदी महासागरात मोठा भूकंप झाला, की दहाएक मिनिटांत पहिले पत्रक निघते आणि शेजारच्या देशांनाही जाते. रत्नागिरीच्या मच्छीमाराला मासळी कुठे मिळेल याचा अंदाज मराठीत मिळतो. जमते की. फक्त आपल्याकडे समन्वय जन्माला येतो तो मढी मोजून झाल्यावर.

यात पवनीचा काय संबंध, असे अजून कोणी विचारत असेल तर त्याने गोसीखुर्दच्या भिंतीकडे बघावे. वैनगंगेवरचे हे धरण पवनी तालुक्यात, पवनीच्या वरच्या अंगाला, दहाएक किलोमीटरवर. त्याची पूर्ण साठ्याची पातळी 245.5 मीटर. कशापासून? धरणाच्या पायापासून नव्हे. घाटाच्या पायरीपासून नव्हे. समुद्रसपाटीपासून.

ही समुद्रसपाटी म्हणजे काय ते ऐका. इंग्रजांनी नऊ बंदरांत भरती-ओहोटी मोजली, सरासरी काढली आणि 1909 मध्ये साऱ्या देशाची शून्य पातळी ठरवली. त्या नऊमध्ये मुंबईचे अपोलो बंदर आहे, जिथल्या नोंदी 1878 पासूनच्या. कारवार, कोची, मद्रास, विशाखापट्टणम आहेत. ओडिशातला फॉल्स पॉइंट आहे, म्हणजे सरळसरळ खोटे टोक. आणि आहे कराची.

पवनीच्या डोक्यावरच्या पाण्याची उंची ठरवण्यात कराचीच्या भरतीचाही हात आहे, हे गावात कोणाला सांगू नका. उद्या पुराचे खापर फोडायला नवा पत्ता मिळेल.

गोसीखुर्दबद्दल दोन शब्द, कारण दोनाहून जास्त बोलायला गेले की चाळीस वर्षे जातात. दिनांक 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. मूळ खर्च 372 कोटी. आता तो अठरा हजार कोटींच्या पुढे. पाण्याच्या कितीतरी आधी खर्चानेच धोक्याची पातळी ओलांडली, आणि तेव्हा कोणी भोंगा वाजवला नाही.

धरणाला दरवाजे 33. पवनीत पावसाळ्यात कोणी कोणाला 'कसे आहात' विचारत नाही. "किती गेट खोलले गा?" हाच रामराम.

ऑगस्ट 2020 च्या शेवटी या प्रश्नाचे उत्तर होते, सगळे. मध्य प्रदेशात धो धो पाऊस पडला. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी वैनगंगेतून निघाले, पेंचचे पाणी कन्हानमार्गे येऊन मिळाले, आणि दोन्ही पाहुणे एकदमच गोसीखुर्दच्या दारात. भंडारा शहरात पाणी शिरले. खाली ब्रह्मपुरी तालुक्यातली गावे बुडाली. गडचिरोलीपर्यंत हाहाकार. पाणी ओसरल्यावर दुसरा पूर आला, तो खुलाशांचा. वरचे म्हणाले, कळवले होते. खालचे म्हणाले, वेळेत कळले नाही.

दोघेही खरे बोलत असतील. आपल्याकडे 'कळवणे' आणि 'कळणे' ही वेगवेगळ्या खात्यांची कामे आहेत.

बघा, पाणी शिवनीहून पायी निघते. डोंगर, वळणे, बंधारे ओलांडत कित्येक तासांनी भंडाऱ्याला पोहोचते. निरोप जातो विजेच्या वेगाने. तरी पाणी आधी आले आणि निरोप मागून. वाटेत निरोपाला कोणी चहाला थांबवले असेल?

समुद्राकडे परत जाऊ, तिथे जरा बरे वाटते. जगभरच्या महासागरांत चार हजारांच्या आसपास आर्गो नावाची तरंगती नळकांडी सोडलेली आहेत, आपलीही त्यात आहेत. दर दहा दिवसांनी प्रत्येक नळकांडे दोन हजार मीटर खोल बुडी मारते, वर येते, तापमान आणि खारटपणा उपग्रहाला सांगते, पुन्हा बुडते. ती माहिती चोवीस तासांच्या आत जगात कोणालाही फुकट मिळते. त्या नळकांड्याला वरिष्ठ नाही, खाते नाही, 'सादर अवलोकनार्थ' लिहिता येत नाही.

म्हणून जमते.

उलट घाटावरचे काम बघा. नदीकाठी पाण्यात उभी केलेली पांढरी पट्टी, तिच्यावर काळे आकडे. मधल्या बारीक रेघांवर गाळ बसलेला. केंद्रीय जल आयोगाचे पवनीला निरीक्षण केंद्र आहे. पातळी वाचणारा माणूस सकाळी आठला खाली उतरतो, पट्टी वाचतो, वहीत लिहितो. पूर असला तर दर तासाला, रात्रीही, पावसातही, बॅटरीच्या उजेडात. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वही. पेन तोंडात. या साखळीतला सगळ्यात विश्वासू दुवा हाच, आणि सगळ्यात कमी पगाराचाही बहुधा हाच असावा.

त्याने लिहिलेला आकडा वर जातो. वर म्हणजे दिल्लीकडे. त्याच्या मागे, वीस पावलांवर राहणाऱ्या बाईला तो आकडा मिळायचा असेल, तर तिने संकेतस्थळ उघडावे.

आणि अशी संकेतस्थळे आधी काय विचारतात? तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा. पाणी उंबऱ्याला, मोबाइलची बॅटरी नऊ टक्के, आणि बाई वाकडीतिकडी अक्षरे ओळखत बसलेली.

पैसा कमी पडला म्हणावे, तर तेही नाही. राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प 2016 मध्ये मंजूर झाला, जागतिक बँकेच्या मदतीने, साडेतीन हजार कोटींहून मोठा. पाण्याची सगळी माहिती एका छताखाली आणायला 2018 मध्ये राष्ट्रीय जल माहिती केंद्र निघाले. छत झाले. पाऊस अजून बाहेरच पडतो.

गुप्ततेचे कारण द्यावे, तर तेही लागू नाही. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा या खोऱ्यांची प्रवाहाची माहिती सरकार गोपनीय मानते, सीमेपलीकडचे देश वगैरे. वैनगंगा पडते गोदावरी खोऱ्यात, आणि ते खोरे त्या यादीत नाही. म्हणजे माहिती उघडी आहे. उघडी माहिती लोकांपासून लपवायला केवढे कौशल्य लागत असेल? कायदा पाठीशी नाही, नुसत्या ढिलाईवर निभवायचे!

एकके घ्या. ही तर खास मेजवानी.

गोसीखुर्दचा विसर्ग आपण ऐकतो क्युमेक्समध्ये. पुण्याच्या खडकवासल्याचा क्युसेकमध्ये. एक क्युमेक म्हणजे पस्तीस क्युसेकहून थोडे जास्त. तेव्हा पुण्याच्या नातेवाइकाने फोनवर 'आमच्याकडे तीस हजार सोडले' म्हटले आणि पवनीवाल्याने 'आमच्याकडे दहा हजार' म्हटले, की पुणेकर म्हणतो, मग तुमचे बरे आहे. बरे काय, कपाळ! इथले दहा हजार म्हणजे तिथले साडेतीन लाख.

हेच पाणी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंचाजवळ गोदावरीत जाते, तेलंगणात भद्राचलमला पोहोचते. तिथे धोक्याचे इशारे फुटांत. पहिला 43, दुसरा 48, तिसरा 53 फूट. जुलै 2022 मध्ये तिथे पाणी 71 फुटांवर गेले. पवनीत मीटर, भद्राचलमला फूट, धरणात दलघमी, शेजारच्या राज्यात टीएमसी. नदीला बिचारीला वाटेत चार भाषा शिकाव्या लागतात.

आणि शेवटी ती समुद्राला मिळते, तिथे तिची मोजणी पुन्हा दुसऱ्या मंत्रालयाकडे. नदीचे पाणी जिथे खारे होते, तिथे फाइलीचा रंग बदलतो.

पवनीतून मात्र एक गोष्ट खाली जायच्या आधी वरून येते, आणि ती कुठल्याही समन्वयाशिवाय, रोज, वेळेवर येते. नागपूरचे सांडपाणी. नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात. त्यावर जलपर्णीची हिरवी गोधडी. नाग नदीच्या शुद्धीकरणाचा सुमारे 1,927 कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. पाण्यातला प्राणवायू एक खाते मोजते, पातळी दुसरे, मासे तिसरे. मासे मेले की तिघांचीही मोजणी एकदमच सोपी होते.

ढिवर समाजाचे लोक या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगले. त्यांना कोणत्या महिन्यात कुठला मासा कुठे असतो हे ठाऊक. त्यांची माहिती कोणी गोळा केली का? नाही, कारण त्यांचा तक्ता नाही. तक्ता नसला की माहितीला आपल्याकडे 'समजूत' म्हणतात.

पवनीचे नशीब असे, की समन्वय म्हणजे काय हे या गावाने एकदा याचि देही पाहिलेले आहे. साल 1969-70. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभाग, दोन यंत्रणांनी मिळून इथे उत्खनन केले. एकाच वेळी, एकाच जागी, एकाच नकाशावर. आणि बौद्ध स्तूप सापडले, दोन हजार वर्षांहून जुने. अहवालही दोघांचा एकच निघाला. आज असे काही झाले तर अर्धा स्तूप एका खात्याच्या हद्दीत निघेल.

त्या सापडलेल्या शिल्पांत मुचलिंद नागही आहे. बुद्धावर पाऊस कोसळू लागला तेव्हा सात दिवस फणा धरून बसलेला हा नाग. त्याला कोणी परिपत्रक पाठवले नव्हते. आभाळ बघितले आणि फणा काढला.

आता कोणी म्हणेल, सगळे वाईटच बोलता, सुधारणा होतेच आहे. होते, होते. सांगली-कोल्हापूरच्या 2019 च्या पुरानंतर वडनेरे समिती बसली, अहवाल आला, कृष्णेवर महाराष्ट्र आणि कर्नाटकचे अधिकारी पावसाळ्यात एकमेकांशी बोलू लागले. भीमा-कृष्णा खोऱ्यांत पर्जन्य आणि पातळी आपोआप टिपणारी यंत्रे आहेत. पश्चिमेकडे ढग जरा गडगडला तरी वाहिन्यांची गाडी पुलावर उभी. वैनगंगेवर पूर आला तर बातमी भंडारा-गोंदियाच्या पानापुरती. ज्या पानात ती छापतात, ते पान मुंबईला जातच नाही.

तेव्हा मुंबईला कळले नाही, यात नवल काय?

'नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.' हे वाक्य तर दरवर्षी तसेच्या तसे, शाईसुद्धा न बदलता. सतर्क म्हणजे काय करायचे? भांडी वर ठेवायची, गाय सोडायची, की नुसते डोळे मोठे करून बसायचे? किती वाजेपर्यंत? कुठल्या आळीने? इशारा देणाऱ्याचे काम इशारा दिला की संपते. ऐकणाऱ्याचे तिथून सुरू होते.

मागे घाटावर एक म्हातारा ढिवर जाळे दुरुस्त करत बसला होता. त्याला विचारले, बाबा, पूर येणार हे तुम्हाला कसे कळते? त्याने वर बघितलेसुद्धा नाही. हाताने पायऱ्या दाखवल्या. "थे वरून सातवी पायरी डुबली का खालची वस्ती सोडाची. पाचवी डुबली का ढोरं सोडाची. तिसरी डुबली का कोनाले काही इचाराचं नाही."

किंमत शून्य. वीज लागत नाही. परवलीचा शब्द लागत नाही. भाषांतर लागत नाही.

त्याला मी सांगितले, की सरकारकडे याहून अचूक आकडे आहेत, समुद्रसपाटीपासून, सेंटीमीटरपर्यंत. तो हसला. "मंग समुद्रालेच सांगत असतीन."

बरोबर बोलला. अगदी क्रमाने तसेच चालू आहे. पातळी पवनीची, वही दिल्लीची, शून्य कराची-मुंबईचे, पाणी बंगालच्या उपसागराचे. मधल्या मध्ये घाटावरच्या माणसाला काय मिळते? फॉरवर्ड. त्यातही निम्मे मागच्या वर्षीचे व्हिडिओ, कोण्या भलत्याच धरणाचे.

म्हणून जल आयोग, पाटबंधारे, हवामान, जिल्हा प्रशासन आणि या साखळीत आणखी जे कोणी असतील त्यांना एकच हात जोडून विनंती. तुमचे मीटर राहू द्या, क्युमेक्स राहू द्या, दिल्लीची वहीही राहू द्या. आपसात काय वाटायचे ते सावकाश वाटा. फक्त येत्या पावसाळ्यात 33 पैकी पहिला दरवाजा उचलायच्या आधी एक हिशेब करून पवनीला पाठवा: पाणी किती वाजता येईल, आणि वरून कितव्या पायरीपर्यंत.